एक साक्षीदार कमी

त्या सरकारी इमारतीत तिला सगळे वहिनी म्हणत. तळमजल्यावरचे पाणी खात्याचे लोक म्हणत, वरच्या मजल्यावरचे मोजणीवाले म्हणत, आणि घाईत असले की साहेबलोकांच्याही तोंडून तेच निघे. कारण साधं होतं. तिचा नवरा त्या इमारतीत सगळ्यांचा भाऊ होता. नोकरी पाणी खात्यात शिपायाची, पण कुणाला दवाखान्यात रक्त द्यायचंय, कुणाचं सामान दुसऱ्या घरी हलवायचंय, कुणाची सायकल पंक्चर झालीय, हाक भाऊला. असा माणूस ऐन तिशीत काविळीने गेला. त्याच्या जागेवर ती आली. भाऊच्या मागे आली म्हणून वहिनी.

आली म्हणण्यापेक्षा तिला आणलं. नवरा गेल्यावर ती घराच्या कोपऱ्यात जी बसली ती उठेचना. चार वर्षांची लेक आजीच्या हातून जेवत होती, आजीच्याच कुशीत झोपत होती. एके सकाळी सासू तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

"ऊठ. वेणी घाल."

"कुठे जायचंय आई?"

"त्याच्या ऑफिसात. रडायला सगळं आयुष्य पडलंय, अर्जाला मुदत आहे."

सासूचे स्वतःचे डोळे तेव्हा सुजलेले होते. पण नात कडेवर घेऊन, सुनेचा हात धरून ती तरातरा चालत गेली आणि थेट हेडक्लार्कच्या टेबलापुढे थांबली. हेडक्लार्क भाऊचे जुने सोबती. त्यांनी अर्ज स्वतःच भरला. शिक्षणाच्या रकान्याशी थांबून त्यांनी विचारलं, "वहिनी, किती शिकलात?" ती म्हणाली, "चौथी. पण पाचवीचं पुस्तक घेतलं होतं." हेडक्लार्कनी चष्मा पुसला आणि चौथी लिहिलं.

पहिल्या दिवशी तिला साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसवलं. थोड्या वेळाने घंटा वाजली. ती बसून राहिली. पुन्हा वाजली. तिला वाटलं, बाहेर कुणाची सायकल असेल. तिसऱ्या वेळी साहेबच दार उघडून बाहेर आले.

"बाई, ही घंटा तुमच्यासाठी आहे."

"माझ्यासाठी?" ती गडबडून उभी राहिली. "मला कधी कुणी घंटा वाजवून बोलावलं नव्हतं साहेब."

साहेब बिचारे वरमले. पुढे कितीतरी दिवस ते घंटेला हात लावायच्या आधी जरा विचार करत.

पाणी खातं म्हणजे उन्हाळ्यात रणांगण. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन येत आणि हेडक्लार्कच्या टेबलावर ओळीने मांडत. "वास घेऊन बघा," म्हणत. हेडक्लार्क खरंच एकेक बाटली नाकाशी धरत आणि कोणत्या गल्लीतली ते कागदाची चिठ्ठी चिकटवून लिहीत. संध्याकाळपर्यंत टेबलावर सरबताचं दुकान मांडल्यासारखं दिसे. एकदा तिच्याच गल्लीतल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन आल्या. दारात ती उभी. पुढची शेजारीण बघतच राहिली.

"अगं, तू आमच्या आधी कशी पोचलीस?"

"मी इथेच असते आता."

"मग आम्ही ओरडायचं कुणावर? तुझ्यावर?"

"माझ्यावर नको," ती म्हणाली. "आत साहेब आहेत. पंखापण आहे. आत बसून ओरडा." आणि तिने दार सताड उघडलं. साहेब त्या दिवशी तिच्यावर चिडले, पण गल्लीत दुसऱ्या दिवशी पाणी आलं. रात्री सासूने ही गोष्ट तिच्याकडून दोनदा ऐकून घेतली. नवरा गेल्यानंतर त्या घरात कुणी मोठ्याने हसलं ते त्या रात्री पहिल्यांदा.

मग सरकारी नोकरीत होतं तसं झालं. जिथे माणूस कमी तिथे तिला पाठवू लागले. काही काळ ती मागच्या आवारातल्या जनावरांच्या दवाखान्यात होती. तिथले डॉक्टर मोठे विचित्र. माणसांवर खेकसायचे आणि शेळीशी बोलताना "काय गं राणी, कुठे दुखतंय?" असं विचारायचे. पहिल्या आठवड्यात तिला गाढवाचा पाय धरायला सांगितला. तिने डोळे मिटून धरला. "वहिनी, तो पाय टेबलाचा आहे," डॉक्टर म्हणाले. घरी आली की सासू दारातच गरम पाण्याची बादली ठेवून म्हणे, "आत यायचं नाही. आधी ते खातं धुऊन टाक." लेकीला मात्र आईचं हेच खातं सगळ्यांत आवडे. शाळा सुटली की ती तिथे येऊन बसे आणि पट्टी बांधलेल्या कुत्र्यांना नावं देत राही.

तिथून ती गेली विवाह नोंदणीच्या खोलीत, आणि तिथेच तिची खरी नोकरी झाली.

ती खोली तळमजल्याच्या अगदी टोकाला होती. एक लांब टेबल, लाकडी कपाट, दोन बाकं, आणि बाहेर भिंतीवर काचेच्या दाराचा नोटीस बोर्ड. लग्न करायचं असलं की आधी अर्ज द्यायचा, मग त्याची नोटीस त्या बोर्डावर महिनाभर लागायची. कुणाची हरकत असली तर त्याने यावं. हरकत नसली तर मुलगा, मुलगी आणि तीन साक्षीदार येत, सह्या होत, आणि लग्न लागे. नोटिसा टोचायचं काम तिचं. नोंदणीचे साहेब उंच, किडकिडीत, कोरडे गृहस्थ होते. स्वतः अविवाहित. नवरा-नवरीकडून शपथ म्हणवून घेताना त्यांचा आवाज असा लागे की जणू रस्त्याच्या खडीचं टेंडर वाचताहेत. पण कुठल्या जोडप्याला त्यांनी कधी ताटकळत ठेवलं नाही. ते म्हणत, "लोक इथे येईपर्यंत पुष्कळ थांबलेले असतात."

साक्षीदार म्हणून ती पहिल्यांदा उभी राहिली त्याचीही एक गोष्ट होती. एक मुलगा, एक मुलगी, दोन मित्र आलेले. तिसऱ्या मित्राची बस कुठेतरी बंद पडली होती. ऑफिस सुटायची वेळ झाली. मुलगी रडायला लागली, कारण घरी ती शिवणाच्या क्लासला जाते सांगून आली होती. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं.

"वहिनी, एक साक्षीदार कमी पडतोय. तुम्हाला सही येते?"

"येते. पण वाकडी येते."

"लग्नाला चालते," साहेब म्हणाले.

तिने सही केली. अक्षरं उतरणीवरून घसरल्यासारखी एका बाजूला गेली. ती मुलगी चटकन वाकून तिच्या पाया पडली. "क्लासला जा आता," एवढंच वहिनी म्हणाली.

घरी सासूने कपाळाला हात लावला. "ओळख ना पाळख, आणि साक्ष? उद्या ती दोघं भांडली तर तुलाच बोलावतील!"

भांडली की नाही कळलं नाही. बोलावलं कुणी नाही. पण त्यानंतर साक्षीदार कमी पडला की वहिनी, हे ठरूनच गेलं. कुणाचा मित्र ऐनवेळी घाबरे, कुणाचा भाऊ दारातून परत फिरे. ती पदराला हात पुसून पुढे होई. सही मात्र हळूहळू सरळ होत गेली.

एकदाच खटका उडाला. मुलाची आत्या आली होती. दोन साक्षीदार झाले, तिसरी म्हणून वहिनी पुढे झाली. आत्याने कुणाच्या तरी कानात विचारलं, आणि मग मोठ्याने म्हणाली, "नको. हिचा नवरा गेलाय म्हणे. शुभकार्यात हिची सही नको." तिने उचललेलं पेन खाली ठेवलं. असं बोलणं तिला नवं नव्हतं. पण ते या खोलीत येईल असं तिला वाटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

साहेबांनी चष्मा काढला.

"बाई, कायदा साक्षीदाराचं वय विचारतो. नशीब विचारत नाही." आणि पेन उचलून त्यांनी ते स्वतः तिच्या हातात दिलं. "करा वहिनी."

त्या विषयावर साहेब पुन्हा कधी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून मात्र त्यांनी तिला "अहो वहिनी" म्हणायला सुरुवात केली. नुसत्या वहिनीच्या आधी तो 'अहो' कायमचा बसला.

आता टपालवाल्याबद्दल सांगायला हवं. आवक-जावकमधला हा माणूस खांद्याला कातडी पिशवी लावून दिवसभर सगळ्या खात्यांतून फिरे. वय चाळिशीच्या आसपास. बहिणींची लग्नं उरकता उरकता स्वतःचं राहून गेलेलं. भाड्याच्या एका खोलीत राही आणि हाताने स्वयंपाक करून खाई. विवाह नोंदणी ही त्याची शेवटची खोली, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत त्याच्या पिशवीतली टपालं संपलेली असत आणि बातम्या भरलेल्या असत.

"ऐकलंत का वहिनी? मोजणीवाल्यांची साखळी हरवली. सगळं शहर मोजतात, आणि स्वतःची साखळी सापडेना. कपाटामागे निघाली."

किंवा, "वजनमाप खात्याने आज आपल्याच कँटीनवर धाड घातली. तराजू खोटा निघाला. एवढी वर्षं तेच तिथे जेवताहेत!"

ती हसे, चहा पुढे करी. असं पुष्कळ दिवस चाललं. मग एके दिवशी तो आला, आणि बातमी नाही, वहिनी नाही, काही नाही. पिशवीचा पट्टा चाळवत उभा राहिला. साहेब जेवायला गेलेले.

"जरा ऐकता का," तो म्हणाला.

तो वहिनी म्हणाला नाही हे तिच्या लगेच ध्यानात आलं.

"या खोलीत इतक्या लोकांची लग्नं लागतात," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "त्यात आपलं एक लागलं तर बोर्डावर जागा होईल का?"

तिने टाचण्यांची डबी उघडली, बंद केली. तो थोडा वेळ थांबला आणि गेला. दुसऱ्या दिवशी टपाल दुसऱ्याच कुणीतरी आणलं. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा तिला कळलं की आपण दाराकडे बघत बसलोय.

घरी तिने सांगितलं नाही. पण एका छपराखाली इतकी वर्षं काढलेल्या बायकांना सांगावं लागत नाही. सासूने भाजी चिरता चिरता मान वर न करता विचारलं, "कोण आहे?"

तिने सांगितलं. सासूने उरलेली भाजी चिरून संपवली. तिसऱ्या दिवशी, लेक शाळेत गेल्यावर, ती येऊन शेजारी बसली.

"मला विचारू नकोस," ती म्हणाली. "नाही म्हटलं तर तू ऐकशील. आणि हो म्हटलं तर मला रडू येईल."

"मग काय करू आई?"

"मला विचारू नकोस म्हटलं ना!" असं म्हणून सासू रडलीच. दोघीही रडल्या. मग सासूने पदराने नाक पुसलं आणि आपली पत्र्याची पेटी पलंगाखालून ओढून फळीवरची लुगडी तीत भरायला घेतली.

"हे काय?"

"भाच्याकडे जाते. तुमच्यात आता माझं काय काम?"

तिने पेटीतलं एकेक लुगडं काढून पुन्हा फळीवर ठेवलं. शेवटी सासू थकून म्हणाली, "अगं, तो माणूस काय म्हणेल?"

तो काय म्हणेल ते रविवारी कळलं. तो इस्त्रीचा सदरा घालून आला आणि सासूपुढे हात बांधून उभा राहिला. "आई, माझी खोली एका माणसाची आहे. तुम्ही चौघांत जागा द्याल तर मीच नांदायला येतो. स्वयंपाक येतो, धुणंभांडी येतात, उलट उत्तर देत नाही. तुमची सून कुठे जात नाहीय, अजून एक मिळतेय असं समजा."

सासूने बराच वेळ तोंड गंभीर ठेवलं. पण 'सून' म्हणताना त्याने मान जी खाली घातली, ती बघून तिला हसू फुटलं. "चौघं कोण? आम्ही तिघीच आहोत."

"चौथा मी," तो म्हणाला.

लेक तेव्हा तेरा-चौदाची होती. तिने एकच विचारलं, "यांना मी काय म्हणू?" बरीच चर्चा झाली आणि ऑफिसात ती आधीपासून म्हणे ते टपालकाका हेच नाव कायम राहिलं.

अर्ज झाला. आणि मग ती सकाळ आली जेव्हा तिने आपली स्वतःची नोटीस हातात घेतली, बोर्डाचं काचेचं दार उघडलं आणि चार कोपऱ्यांत चार टाचण्या टोचल्या. इतक्या लोकांच्या नोटिसा तिने लावल्या होत्या, पण कागद सरळ लागलाय का हे मागे सरकून दोनदा पाहिलं ते त्याच दिवशी. सगळ्या खात्यांतली माणसं काही ना काही निमित्त काढून खाली येऊन बोर्ड वाचून जात. कुणी हसून जाई, कुणी नुसतंच जाई. तिला धास्ती होती ती हेडक्लार्कची. भाऊचे सोबती. त्यांनीच तिचा अर्ज लिहिला होता. ते एका दुपारी आले आणि बोर्डापुढे खूप वेळ उभे राहिले. शेवटी तीच बाहेर गेली.

"काही हरकत आहे का साहेब?" तिने विचारलं.

"छे हो." हेडक्लार्कनी काचेवर बोट ठेवलं. "इथे भाऊचं नाव आहे ना, पहिला पती म्हणून. ते बरोबर लिहिलंय का बघत होतो." मग ते म्हणाले, "बरोबर आहे. त्याला बरं वाटलं असतं."

ती आत आली आणि कपाटाच्या दाराआड उभं राहून तिने रडून घेतलं.

लग्नाच्या दिवशी खोलीत उभं राहायला जागा नव्हती. साक्षीदार व्हायला एवढे लोक पुढे आले की साहेब पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, "तीन! फक्त तीन! हा कायदा आहे, मतदान नाही!" हेडक्लार्कनी सही केली. जनावरांच्या डॉक्टरांनी दोघांवर खेकसत सही केली. तिसरी सही कुणाची यावर भांडण लागलं, तेव्हा साहेबांनी कपाटातून कागद काढून नियम वाचला, आपण स्वतः लग्न लावणारे असल्याने साक्षीदार होऊ शकत नाही याची खात्री केली, आणि त्यांचा चेहरा पडला. मग पाणी खात्याचे घंटेवाले साहेब पुढे झाले. सासू पहिल्या बाकावर बसली होती. कुणीतरी विचारलं, "आजी, तुम्ही कुणाकडच्या?" सासू ताठ बसून म्हणाली, "मुलीकडची."

लग्नानंतर इमारतीत तिला काय म्हणायचं हा प्रश्न कुणालाच पडला नाही. ती वहिनीच राहिली. अडचण झाली ती एकट्या टपालवाल्याची. बायकोला वहिनी म्हणता येईना आणि नावाने हाक मारायची लाज वाटे. तो पुढेही "ऐकलंत का" वर भागवत राहिला.

पुढची वर्षं भरभर गेली. सासू गेली ती त्याच्याच हातचं पाणी पिऊन. शेवटच्या आजारात तिला त्याच्याच हातचा भात लागे. "सुनेच्या हाताला चव आहे," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. लेक जनावरांची डॉक्टर झाली नाही, शाळेत भूगोल शिकवायला लागली. नोंदणीचे साहेब, हेडक्लार्क, मग टपालवालाही, एकेक करून निवृत्त झाले. टेबलावर संगणक आले. तिची नोकरी संपायच्या वर्षी एक नवा मुलगा लागला होता. चहा पिता पिता त्याने सहज विचारलं, "तुम्हाला सगळे वहिनी का म्हणतात? कुणाची वहिनी?"

"भाऊची."

"कोण भाऊ?"

तिने खोलीत नजर फिरवली. सांगू शकेल असं कुणीच तिथे उरलं नव्हतं. भाऊला पाहिलेलं त्या अख्ख्या इमारतीत आता तिच्याशिवाय कुणी नव्हतं. "होता एक," ती म्हणाली. "तुझी सायकल पंक्चर झाली असती तर तुला कळलं असतं."

ती जुनी इमारत आता बंद आहे. खाती शहराबाहेरच्या काचेच्या इमारतीत गेली. वर्षातून एकदा ती दोघं तिथे जातात, हयातीचा दाखला द्यायला. पेन्शन चालू राहायची तर आपण जिवंत आहोत हे माणसाने स्वतः जाऊन सांगावं लागतं. तो आदल्या दिवशीच सदऱ्याला इस्त्री करतो. शेजारी विचारतात, "कुठे निघालात?" तर सांगतो, "आहोत, एवढं सांगून येतो."

यंदा गेले तर खिडकीपाशी अंगठा लावायचं यंत्र होतं. त्याचा अंगठा पटकन लागला. तिचा लागेना. जन्मभर भांडी, फडकी आणि डिंक यांत बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या. यंत्र पुन्हा पुन्हा लाल दिवा दाखवी.

"बघा," तो म्हणाला, "सरकारच्या मते मी विधुर झालो."

"गप्प बसा हो."

खिडकीतली मुलगी तरुण होती, वहिनीच्या मागे रांग वाढत होती. पण ती खुर्ची मागे सरकवून बाहेर आली. तिने वहिनीचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला आणि चोळायला लागली.

"हात गार पडलेत आजी, म्हणून. जरा ऊब आली की लागेल. घाई नाही."

मागून कुणीतरी कुरकुरलं. मुलीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती हळूहळू चोळत राहिली आणि मध्येच विचारलं, "कुठल्या खात्यात होतात तुम्ही?"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. मग ती पाणी खात्यापासून सांगायला लागली, आणि रांगेतले दोघे-तिघे जवळ सरकून ऐकू लागले.